चराच्या अलीकडं चांदचाचा

चांदचाचांबद्दल सांगायचं तर पहिली गोष्ट ही, की चाळीस वर्षं रोज सायकल घेऊन डोंगर चढणारा हा माणूस चढावर सायकलवर कधी बसलाच नाही. ढकलली नुसती. उजवा हात हँडलला, डावा सीटवर, आणि हँडलला बांधलेला दोर खांद्यावरनं छातीवर घेतलेला. मागं कॅरेजवर पत्र्याची पेटी, त्यात पाव, बटर, खारी, टोस्ट. दर शे-दीडशे पावलांवर थांबायचं, मागच्या चाकाला दगड लावायचा, दम घ्यायचा, दगड काढायचा, परत ढकलायचं.

उंब्रजमध्ये आमच्याच बोळात ते राहतात. चांदसाहेब मुलाणी, वय एकसष्ट. सकाळी साडेपाचला भट्टीवरनं माल घ्यायचा आणि साडेसातला डोंगरावरच्या तीन वाड्यांत पोचायचं, कारण आठनंतर माणसं रानात जातात, मग पाव कुणाला विकणार. डांबरी रस्त्यानं अठरा किलोमीटर पडतं, ढकलत गेलं तर दहा वाजतात. म्हणून ते नाळेनं जायचे. नाळ म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधली अरुंद घळ, सरळ वर जाते, चारेक किलोमीटर. माल संपला की रिकामी पेटी घेऊन मात्र डांबरी रस्त्यानं खाली, पाय पायडलवर नुसते ठेवून. नाळेनं ते कधीच उतरले नाहीत. मी एकदा विचारलं का, तर म्हणाले, "ती चढायची वाट हाय पोरी. उतरायची न्हाई."

मी हसले होते. तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.

नाळेत पावसाळ्यात पाय घसरायचे, तर चाचा जाता जाता एक-एक सपाट दगड बसवायचे. रोज नाही, कधी आठवड्याला एक, कधी महिन्याला. चाळीस वर्षांत वरपर्यंत पायऱ्याच झाल्या. बाजूनं चाक जाईल एवढी पट्टी सोडलेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी शाबासकीही दिली नव्हती. वाड्यांतली माणसं तर पायऱ्या पहिल्यापासून आहेत असंच समजत होती.

पाव हा नुसता निमित्ताला असायचा. कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचा चष्मा दुरुस्तीला, कुणाच्या लेकीनं माहेरी पाठवलेला निरोप, सगळं त्या पेटीतनं जायचं. सगळ्यात वरच्या वाडीत तानुबाई म्हणून एक आजी आहेत, दात एकही नाही, चहात बटर बुडवून खातात, तीच त्यांची न्याहारी. मी एकदा बरोबर गेले होते तेव्हा चाचांना पाच मिनिटं उशीर झाला, तर तानुबाई दारातनंच म्हणाल्या, "मला वाटलं मेलास वाटंत."

चाचा पेटी उघडत म्हणाले, "आधी तुमचा नंबर हाय आजी. मी रांग मोडत न्हाई."

"रांगेत हुबं राहून पाय दुखाय लागलं माझं," म्हणाल्या तानुबाई आणि बटर मोजून घेतले, आठ.

आता माझं. मी कराडला कॉलेजला आहे, सेकंड इयर. गेल्या वर्षी एका साताऱ्याच्या दादाकडनं सेकंडहँड गिअरची सायकल घेतली, जाड टायरची, पुढं सस्पेन्शन, आणि मला वेडच लागलं. रविवार आला की डोंगर. फेब्रुवारीत एकदा वरनं नाळेनं उतरले. जमीन कोरडी होती, ऊन छान होतं, आणि पायऱ्यांवरनं चाक धडधडत खाली जाताना जे वाटलं ते मला सांगताच येणार नाही. मध्ये एका जागी कातळ आहे, तिथं भीती वाटली म्हणून उतरून सायकल हातात धरून आणली. पण मोबाईलमध्ये सायकलवाल्यांचं ॲप चालू होतं, त्याला काय कळतं मी चालतेय का चालवतेय, त्यानं सलग रेष काढली. घरी पोचायच्या आधीच बसस्टँडवर उभं राहून मी तो रूट टाकला पण. नाव दिलं चांदचाचा ट्रेल. खाली लिहिलं, साताऱ्यातला सगळ्यात अवघड उतार, एकदा कराच. कातळाचं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, सुचलंच नाही.

चाचांना दाखवलं तर खूश झाले. चाचीला हाक मारून म्हणाले, "रशीदा, ही बघ, माजं नाव घातलंय रस्त्याला. आमदाराचं असतंय तसं."

"मग आता खड्डं पडायचं त्येला," चाची आतनं म्हणाली.

जूनपर्यंत पुण्याची, कोल्हापूरची माणसं यायला लागली. गाडीच्या टपावर सायकली टाकून डांबरी रस्त्यानं वर जायचं आणि नाळेनं खाली यायचं. चाचा सकाळी चढताना समोरनं ही माणसं हेल्मेट घालून यायची, चाचा बाजूला सरून पेटी सांभाळत उभे राहायचे. कुणी खारी घ्यायचं, कुणी फोटो काढायचं. तक्रार नव्हती त्यांची. मला तर लय भारी वाटत होतं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी उजाडता उजाडताच पुण्याचा एक माणूस, चाळिशीतला, एकटाच उतरला. पायऱ्यांवर शेवाळ होतं. कातळाच्या वरच्याच पायरीवर त्याचं चाक सरकलं आणि तो खाली आला. मांडीचं हाड मोडलं, खांद्याचं मोडलं. मोबाईलला रेंज नाही. चाचांना तो सापडला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. त्यांनी अंगावरचं जर्किन काढून त्याला पांघरलं, सायकल तिथंच आडवी केली आणि वर वाडीत जाऊन माणसं आणली. चौघांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली उतरवलं. तेवढ्यात वानरांनी पेटी उघडून सगळा माल संपवला होता.

माणूस वाचला. पण त्याच्या घरच्यांनी पोलिसांत अर्ज दिला की गावानं धोक्याची वाट उघडी ठेवलीय, साधी पाटी पण नाही. वरच्या वाडीचे पोलीस पाटील कृष्णात यांना तीनदा ठाण्यात बोलावलं. भाताची रोपलागण टाकून तीनदा जायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. मी तोपर्यंत रूट डिलीट केला होता आणि मला वाटलं झालं, संपलं. पण लोकांनी तो आधीच सेव्ह करून आपापल्या नावानं परत टाकला होता. सात ठिकाणी मला सापडला. सातही जणांना मेसेज केले. दोघांनी अंगठा पाठवला.

मग वाडीच्या देवळात बैठक झाली. चाचा म्हणाले नको येऊ, तरी मी गेले. कृष्णात म्हणाले नाळेला खालीवर दोन्हीकडं आडवा चर मारायचा, जेसीबी पाण्याच्या पाइपलाइनसाठी आलेलाच आहे. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं, की रूट मी टाकला, चूक माझी आहे, मी काढलाय, वाट बंद करू नका. रडूच आलं मला बोलता बोलता.

कृष्णात चिडले नाहीत, त्यानं अजून वाईट वाटलं. म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. पर मोबाईलवरनं पुसलंस म्हून डोंगरावरनं पुसतंय व्हय गं?"

चाचा मागं खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "पाटील, चर मारा. फकस्त कडंला हातभर जागा सोडा. माजी सायकल जाईल एवढी."

"आवं चांदभाई, तुमची जाईल तेवढ्यातनं त्यांची न्हाई का जायची? सायकल ती सायकलच की."

कुणीतरी म्हणालं फाटक करू, कुलूप लावू. किल्ली चाचांकडं. तर दुसरं म्हणालं, फाटकावरनं सायकल टाकून जातील, आणि मग पडला कोण तर किल्ली कुणाकडं हाय म्हणून चांदभाईलाच न्हेतील. ते पण खरंच होतं. खाली उतरताना मी चाचांना म्हणलं, तुम्ही भांडायला पाहिजे होतं. तर म्हणाले, "कशाच्या जिवावर भांडू? पडला तो माज्याच दगडावर."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. तासाभराचं काम. तीन हात रुंद, कमरेएवढा खोल, एका बाजूला कातळ, दुसरीकडं करवंदीची जाळी. खालच्या पंधरा-वीस पायऱ्या मातीबरोबर उपसून बाजूला पडल्या.

चाचा तरी गेले. मी बरोबर होते. पेटीतला माल दोन पिशव्यांत काढला, पिशव्या पलीकडं, मग पेटी, मग सायकल. जुनी काळी डबल-दांडीची सायकल, नुसतीच केवढी जड. ती चरात उतरली पण वर चढेना. मी खालनं खांदा लावला, त्यांनी वरनं दोर ओढला. अर्धा तास गेला, आणि वर तसलाच दुसरा चर होताच. वाड्यांत पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि निम्म्या दारांना कड्या होत्या.

मी म्हणलं मी रोज येते. सहा दिवस गेले पण. सातव्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मी म्हणलं बुडवते, तर चाचा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले, "आन् मग पुढं? लगीन झाल्यावर बी येणार हायस का सायकल उचलाय?"

त्या दिवशी ते एकटे गेले. दुपारी मी घरी आले तर ते खाटेवर पालथे आणि चाची कमरेला तेल चोळत होती. पेटी भरलेली तशीच होती. ते सांगत होते, सायकल चरात अडकली तेव्हा वरनं दोघं आले. हेल्मेटवाले, कॉलेजचीच पोरं. त्यांनी आपल्या सायकली एका हातानं खांद्यावर घेतल्या, चरात उतरले, पलीकडं चढले. मग चाचांची पण सायकल बाहेर काढून दिली. खालच्या बाजूला.

"त्यांना वाटलं मी उतारावरनं आलोय," चाचा म्हणाले. "थँक्यू म्हनलो."

त्यांना हसू आलं आणि कंबर धरली.

मी ॲप उघडलं. तोच रूट कुणीतरी नव्यानं टाकला होता, खाली लिहिलं होतं, दोन ठिकाणी चर आहे, सायकल उचलून घ्या, एक मिनिट लागतं. एवढं सगळं होऊन तो चर फक्त एकाच माणसाला अडवत होता. मी कृष्णातांना फोन केला. ते म्हणाले, "कळतंय मला पोरी. पर बुजवला आन् परत कोण पडला तर?"

चाचा आता वर जात नाहीत. हायवेच्या कडेच्या गावांतनं फिरतात, सपाटीला, पण तिथं बेकरीचा टेम्पो आधीच येऊन गेलेला असतो. अर्धी पेटी परत येते.

परवा मी त्यांच्याकडं बसले होते तेव्हा फोन वाजला. तानुबाईंच्या नातवाचा फोन, पण बोलत होत्या आजीच, एवढ्या मोठ्यानं की मला पण ऐकू येत होतं. "चांद, यीना झालास रं?"

"सायकल बिघडलीया आजी," चाचा म्हणाले. "येतो चार दिसांत."

फोन ठेवल्यावर मी म्हणलं, खरं का नाही सांगितलं.

"कुनाचं नाव सांगू?"

मी मान खाली घातली. चाचीनं चहा आणून ठेवला, बरोबर बशीत सकाळचे उरलेले बटर, आणि म्हणाली, खा, नायतर उद्या मऊ पडत्यात.