नरसिंहराव आणि डावं चाक

रविवार, ९ नोव्हेंबर १९९७. सकाळी ढग, दुपारी ऊन. दूधवाला सव्वासहाला. नरसिंहराव साडेसातला आले, उल्हास पावणेआठला. दोघं फियाट घेऊन पीण्याला, कारखान्यांच्या भागात गेले, साडेअकराला परत. ब्रेक जोरात दाबला की गाडी उजवीकडे ओढते म्हणतात. उल्हास जेवायला थांबला. नरसिंहराव कॉफी न घेता गेले.

वसुमतीबाईंनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि वही मिटली. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरनी लावलेली रोजनिशीची सवय अडुसष्टाव्या वर्षीही सुटली नव्हती. त्या वह्यांत नरसिंहरावांचं नाव चौदा वर्षं येत होतं, पण ते कॉफी न घेता गेल्याची नोंद ही पहिलीच. तीन चमचे साखरेची ती कॉफी म्हणजे त्यांची मजुरीची पावती होती. काम मनासारखं झालं की ते पायरीवर बसून ती प्यायचे. काम राहिलं की नाही.

फियाट मूळची वसुमतीबाईंच्या यजमानांची. पीण्याच्या कारखान्यात ते इंजिनियर होते आणि नरसिंहराव त्यांच्या हाताखाली दुरुस्ती खात्यात. यजमान गेले, गाडी मल्लेश्वरमच्या घराच्या आवारात धूळ खात उभी राहिली. मग बहिणीच्या मुलानं, उल्हासनं, ती मागून घेतली. मागची सीट काढली, दारांवर आकडे रंगवले आणि वर्षातून तीन-चारदा तिला मद्रासजवळच्या ट्रॅकवर शर्यतीला न्यायला लागला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीत दिवसभर काँप्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला हे वेड कुठून लागलं, देव जाणे. गाडी मात्र मावशीच्याच आवारात राहिली आणि तिच्याबरोबर नरसिंहरावही राहिले.

गंमत अशी की शर्यतीची गाडी सांभाळणाऱ्या या माणसानं स्वतः कधी चाळीसच्या पुढे काटा नेला नव्हता. यशवंतपूरहून ते सायकलनं यायचे. पंधराव्या वर्षी बस डेपोत चाकं धुवायला लागले, मग सव्वीस वर्षं कारखाना. यंत्रांच्या गोंगाटानं एक कान गेला, म्हणून आवाजापेक्षा हातावर त्यांचा भरवसा जास्त. "आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून या मुलखात आले, अक्का," ते म्हणायचे. "मी सायकलवर उतरलो. पुढची पिढी चालत जाईल."

सोमवारी संध्याकाळी ते परत आले तेव्हा विनोद नव्हता. रविवारी, सोळा तारखेला, शर्यत होती. शनिवारी पहाटे गाडी निघायची होती. सरळ रस्त्याच्या टोकाला एकशे दहाच्या वेगानं येऊन ब्रेक दाबायचा आणि तिथं गाडी उजवीकडे गेली तर पुढे टायरांची भिंत. हे उल्हासनंच हात हलवून हलवून सांगितलं.

"टायरच गेलाय, नरसिंहराव. पुढचा उजवा. बघा ना, थरथरतो. नवा टाकू आणि मोकळे होऊ."

 नरसिंहरावांनी चाक जॅकवर उचललं, डोळे मिटले आणि टायरवर तळवा ठेवून ते हळूहळू फिरवलं. झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. एका जागी तळवा थांबला.

"इथं घासून सपाट झालाय. ब्रेक लागला की हे चाक जाम होतं आणि घसटत जातं. म्हणून थरथर."

"मग तेच म्हणतोय मी!"

"नाही. ही आजाराची खूण झाली. आजार दुसरीकडे आहे."

त्यांनी आधी चारही चाकांची हवा मोजली. ती बरोबर होती. मग पुढच्या दोन्ही चाकांची अदलाबदल केली, उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. बाकी कशालाही हात लावला नाही. मंगळवारी सकाळी रेल्वेलाइनीच्या कडेच्या रिकाम्या रस्त्यावर उल्हासनं ब्रेक दाबला. गाडी पुन्हा उजवीकडेच ओढली.

"सरी, ठीक," नरसिंहराव म्हणाले. "टायर सुटला. निर्दोष."

"दोन दिवसांत एवढंच कळलं?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, उल्हासराव. दोन बदलल्या तर कुणामुळे बरं झालं ते कसं कळणार?"

"नरसिंहराव, तुम्ही गाडी बघताय की पत्रिका?"

"पत्रिका खोटं बोलते. टायर नाही बोलत."

उल्हास हसला, पण ते हसू टिकलं नाही. बुधवारी पुढचे ब्रेक आवळून सारखे करून झाले, पाइप तपासून झाले, तरी ओढणं तसंच. तेव्हा तो मावशीच्या देखत म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर मी गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये नेतो. तिकडे मशीन आहे, ब्रेक मोजायचं. आणि एकदा तिकडे नेली की मग तिकडेच. दर वेळी ही धाकधूक नको."

नरसिंहरावांनी फडक्याला हात पुसले. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि सायकल काढली. निवृत्त झाल्यापासून या माणसाच्या आठवड्याला याच गाडीमुळे आकार होता, हे वसुमतीबाईंना ठाऊक होतं. सायकल फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

गुरुवारी उजाडताच दोघं पुन्हा त्याच रस्त्यावर. या वेळी नरसिंहरावांनी उल्हासला न थांबता सहा-सात वेळा ब्रेक मारायला लावलं आणि गाडी थेट फाटकाशी आणवली.

"अक्का, स्वल्प पाणी आणता? तांब्यातून."

तहान लागली असेल असं वाटून त्या तांब्या-भांडं घेऊन आल्या. नरसिंहरावांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि उजव्या चाकाच्या भोकांतून आतल्या ब्रेकच्या ड्रमवर शिंपडलं. चर्र! वाफ उठली. मग डावीकडे जाऊन तसंच शिंपडलं. पाणी गपचूप ओघळून खाली आलं.

दोसा घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून बघण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. वसुमतीबाईंच्या तोंडून निघूनच गेलं, "हा तापलाच नाही!"

"शाब्बास, अक्का!" नरसिंहरावांचा चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा उजळला. "जो काम करतो तो तापतो. सगळा भार उजवा उचलतोय, म्हणून गाडी त्याच्याकडे जाते. डावा नुसता फिरतोय. आपण चार दिवस कामसू माणसालाच चोर समजत होतो."

"सगळ्यांच्या घरी असंच चालतं," वसुमतीबाई म्हणाल्या.

उल्हास कामावर गेला. नरसिंहरावांनी डाव्या चाकाचा ड्रम उतरवला. देवाची फुलं तोडताना वसुमतीबाईंना ते दिसत होते. आधी त्यांनी आतल्या सिलिंडरभोवती बोट फिरवून पाहिलं. ब्रेक ऑइल गळत नव्हतं, बोट कोरडं निघालं. मग ड्रमला घासून गाडी थांबवणारे ते दोन अर्धगोल लायनर काढले, नाकाशी नेले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. नंतर एकदा घराकडे पाहिलं. देवघराच्या खिडकीकडे. वसुमतीबाईंशी नजरानजर होताच त्यांनी लायनर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकले.

"सापडलं का हो?"

"सापडलं, अक्का. संध्याकाळी उल्हासराव आले की सांगतो."

कॉफी घेतली नाही. सापडलं म्हणतात आणि कॉफी नाही, हे कोडं वसुमतीबाईंना दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी उल्हास आला. नरसिंहराव त्याच्यापुढे उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "डाव्या लायनरला तेल लागलंय. आत मुरलंय. लायनर धरत नाहीत, घसरतात. दोन तारखेला नवे बसवले तेव्हा माझ्याकडून झालं. चूक माझी. उद्या चारही नवे टाकतो."

"तेल?" उल्हास बघतच राहिला. "नरसिंहराव, लायनरला तेलाचा हात लावू नये हे मलासुद्धा कळतं! तिथं ट्रॅकवर माझा जीव गेला असता. चाळीस वर्षांचा अनुभव आणि तेलकट हातानं ब्रेक बसवता?"

नरसिंहरावांनी मान खाली घातली. वसुमतीबाई आत आल्या. कुणाचं भांडण ऐकत उभं राहणं त्यांना आवडत नसे. त्यांनी वही उघडली आणि 'नरसिंहरावांची चूक' असं लिहायला पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना. खात्री नसलेली गोष्ट त्यांनी वहीत कधी लिहिली नव्हती. त्यांनी पानं मागे उलटली.

२ नोव्हेंबर. "नरसिंहरावांनी नवे लायनर बसवले. आधी साबण मागून दोनदा हात धुतले. नवी वडी काढून दिली."

दोनदा धुतलेला हात तेलकट कसा?

लायनर तर सप्टेंबरमध्येच आणून ठेवले होते. त्या आणखी मागे गेल्या. १० ऑक्टोबर, शुक्रवार, महानवमी, आयुधपूजा. आणि आपलंच सुबक अक्षर त्यांच्याकडे बघू लागलं.

"पाने, जॅक, हातोडी, शिवणयंत्राची कात्री, उल्हासचे नवे लायनर पाटावर मांडले. लायनरची एक जोडी सुटी, एक पाकिटात. ओल्या कुंकवानं लोखंड गंजतं असं हे म्हणायचे, म्हणून कुंकू गोडेतेलात कालवलं. प्रत्येकावर पाच बोटं. पाकिटावरही पाच."

पाकिटातली जोडी कोरडी राहिली. ती उजवीकडे गेली. सुटी जोडी डावीकडे.

 वही मिटून ठेवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ज्याला कळलं होतं तो बोलणार नव्हता. बाहेर उल्हासचा आवाज अजून चढलेलाच होता. त्या उठल्या, वही घेऊन व्हरांड्यात आल्या आणि शाळेत धडा वाचावा तशी ती नोंद खड्या आवाजात वाचून दाखवली. तारखेसकट.



"तेल माझं आहे, उल्हास," त्या म्हणाल्या. "आणि यांना हे सकाळीच कळलं होतं. वासावरून. हो ना, नरसिंहराव?"

नरसिंहराव चाचरले. "अक्का, तुम्ही देवाचं केलंत. त्यात चूक कसली? चूक माझीच. लायनर बसवताना कुंकवाचे ठिपके दिसले होते मला. पाण्यातलं कुंकू समजून फडक्यानं पुसले, हात कपाळाला लावला आणि बसवून टाकले. तेव्हा वास घ्यायला हवा होता. कुंकू बघितलं की आपण तपासायचं सोडून नमस्कार करतो."

"पण मग सकाळीच का नाही सांगितलंत? माझ्या एवढ्या शिव्या खाल्ल्या..."

"सणाच्या दिवशी बाईमाणसानं मनोभावे केलेली पूजा," नरसिंहराव हळू म्हणाले, "तिच्यामुळे अपघात होता होता राहिला, हे तिला कशाला सांगायचं? गाडी नीट होणार होतीच."

उल्हास खाली बघत पायानं माती उकरत राहिला. मग तो वाकला. नमस्कारालाच वाकला असावा, पण अवघडून त्यानं नरसिंहरावांची पिशवीच उचलली. "चला, लायनर आणायला स्कूटरवर सोडतो. सिटी मार्केटमधलं दुकान साडेआठपर्यंत उघडं असतं."

"आणि ते मशीनवालं गॅरेज?"

"जाऊ द्या हो."

"नाही, विचारतो आपला. त्या मशीनला गोडेतेलाचा वास आला असता का?"

पहिल्यांदा हसू आलं ते वसुमतीबाईंना. मग उल्हास हसला आणि नरसिंहराव सगळ्यात शेवटी, एका कानानं उशिरा ऐकल्यासारखे.

शुक्रवारी सकाळी नवे लायनर बसले. नरसिंहरावांनी प्रत्येकाचा वास घेतला आणि न हसता वसुमतीबाईंपुढेही धरला. त्यांनीही तितक्याच गंभीरपणे वास घेतला आणि मान डोलावली. डावा ड्रम सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवला होता. घासून सपाट झालेल्या टायरच्या जागी स्टेपनी लागली. उल्हासनं अर्धा दिवस रजा काढली होती. आधी हलके ब्रेक मारून त्यानं लायनर बसते केले आणि मग रेल्वेलाइनीच्या कडेला गाडी जोरात पळवून ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबली. नरसिंहराव खाली उतरले आणि रस्त्यावर उमटलेल्या दोन काळ्या रेघांच्या मधून पावलं मोजत चालत गेले. आठ पावलांवर दोन्ही रेघा एकदमच संपल्या. तिथं ते थांबले, वाकून दोन्ही टोकांना बोट लावलं आणि मागे वळून हात वर केला. यजमान असतानाही, कारखान्यात एखादं बंद पडलेलं यंत्र सुरू झालं की हा माणूस असाच हात वर करायचा, हे वसुमतीबाईंनी ऐकलं होतं. पाहिलं आज.

शनिवारी पहाटे गाडी मद्रासकडे निघायची होती. नरसिंहरावांनी बरोबर जायला नकार दिला. "एवढ्या वेगानं जाणारी माणसं बघून माझा ब्रेक लागतो," म्हणाले. आणि पायरीवर बसले.

त्या संध्याकाळी वसुमतीबाईंनी लिहिलं:

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७. दिवसभर ऊन. ब्रेक सरळ लागला. नरसिंहरावांनी कॉफी दोनदा घेतली. डब्यातली साखर संपली, उद्या एक किलो आणायची.