तवंदीच्या चढावरची भाकरी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला आमच्या कारभारणीला न्यूमोनिया झाला. आधी नुसता खोकला होता, मग एका रात्रीत श्वास पुरेना. दवाखान्यात नेलं तर आतच ठेवून घेतली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शेजारी टिकटिक करणारं यंत्र आणि बाहेरच्या बाकावर मी. जन्मभर मी माग चालवला. बेळगावात वडगावला आमचं घर, घरातच माग. माग बंद पडला की हात घालून चालू करणारा मी माणूस, कुणाला बोलवायला जायची मला सवय नाही. पण त्या बाकावर बसल्यावर कळलं, इथं हात घालायला काहीच नाही. डॉक्टर येत होते, जात होते, आणि मला विचारायचं काय तेसुद्धा समजत नव्हतं. तेव्हा डोळे मिटून मी एवढंच म्हणालो, "ज्योतिबा, हिला घरी पाठीव. मी तुझ्या डोंगरावर येतो."

त्यानं पाठवली. हळूहळू ती चूल बघायला लागली, सुनेला दोन शब्द ऐकवायला लागली, आणि घर पुन्हा घरासारखं झालं. माझ्या मनात मात्र नवस बसला होता, आणि दिवस जातील तसा तो वाढत चालला. साडीला काठ जोडावा तशी मी त्याला एकेक अट जोडत गेलो. नुसतं यायचं म्हणजे काय, सायकलवरून यायचं. सायकलवरून तर कुणीही येईल, उपाशी पोटी यायचं. आणि वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही. यातलं काही देवानं मागितलं नव्हतं. पण मला वाटायला लागलं की यात एक धागा जरी तुटला तर देवानं दिलेलं तो परत नेईल. ती खोकली की माझ्या काळजात चर्र व्हायचं. ही भीती मी कुणाला बोललो नाही. बाहेरून माझा हट्टच दिसत होता, आणि माझा हट्ट आमच्या घरात कुणाला नवा नाही.

थोरला म्हणाला, आप्पा, सत्तरीच्या पुढं गेलासा, एसटीनं जाऊ, मी येतो संगं. मी त्याला सांगितलं की तू जन्मायच्या आधीपासून ही सायकल माझ्या बुडाखाली आहे, तू मला शिकवू नको. कारभारीण शेंगा सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी बरी झाली ती औषधानं आनि देवाच्या किरपेनं. तुमच्या सायकलचा त्यात काय हात हाय?" मी उठून सायकलच्या साखळीला तेल घालायला गेलो. ती असं बोलली की मी तेच करतो. साखळीला गरज नसतानासुद्धा.

थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी पहाटे निघालो. रविवार ज्योतिबाचा वार. शिदोरी बांधायची नाही, असं मी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. तिनं वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. निघताना तिनं पिवळ्या फडक्यात बांधलेलं गठुळं आणून दिलं आणि म्हणाली, ह्यात देवाचा निवद हाय. नैवेद्याची पुरणपोळी तिनं स्वतः उठून केली होती. मी ते मागच्या कॅरिअरला नीट बांधलं. तेवढ्यात ती म्हणाली, वाटंत एकदा सोडून बघा, तूप सांडलंय काय. मी म्हणालो, देवाचा निवद देवापुढंच सुटंल. ती म्हणाली, "तुमाला सांगून काय उपेग न्हाई. जावा, जपून जावा." आणि दाराच्या कडेला हात लावून उभी राहिली. वळणावरून मागं बघितलं तरी उभीच होती.

काकती मागं पडली, वंटमुरीचा घाट चढून उतरलो तरी अंगाला घाम नव्हता. मोठ्या रस्त्याच्या कडेकडेनं मी आपला चाललो होतो. हत्तरगीच्या अलीकडं मागून चारपाच पोरंपोरी आली. डोक्यावर टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे, आणि सायकली अशा की दोन बोटांनी उचलाव्यात. माझ्या काळ्या सायकलकडं बघून त्यांना लई आनंद झाला. आजोबा, कुठं निघालात, काही खाल्लंय का, म्हणून विचारलं आणि एका पोरीनं चालता चालताच केळं पुढं केलं. चांगली लेकरं होती. पण मला वाटलं, मी म्हातारा म्हणून ह्यांना कीव येते. मी केळं घेतलं नाही. वर घंटी वाजवून त्यांच्या पुढं सायकल काढली. ती हसत मागं राहिली, आणि मी संकेश्वर येईपर्यंत जीव खाऊन पायडल मारत राहिलो. संकेश्वरला ती चहाला थांबली. मी थांबलो नाही. तिथंच माझी शहाणपणाची गाडी सुटली म्हणायची.

तवंदीचा चढ लागला आणि माझं मलाच काही कळेना. पाय होते, पण ते माझे नव्हते. आधी हात थरथरले, मग ऊन असून गार घाम फुटला. मागावर कांडीवरचं सूत संपलं आणि लक्ष नसलं की माग तसाच खटखटत राहतो. आवाज सगळा होतो, कापड मात्र होत नाही. तसं माझं झालं होतं. उतरलो, सायकल ढकलायला लागलो. चार पावलं गेलो आणि डोळ्यांपुढं काळं आलं. सायकल कशीबशी रस्त्याकडेच्या दगडाला टेकवली. एक टेम्पोवाला थांबला, सायकल मागं टाकतो, निपाणीला सोडतो म्हणाला. मी हातानंच नको म्हणून सांगितलं. तो गेल्यावर मला रडू आलं. देवावर राग आला, खोटं कशाला सांगू. मी मनात म्हणालो, तुझ्यासाठीच चाललोय ना, मग एवढा चढ तरी पार करून दे. आणि लगेच भीती वाटली की आता हे ऐकून देव कारभारणीला काही करील.

तिथंच चिंचेखाली एक म्हातारी वडापची, म्हणजे शिटा भरून नेणाऱ्या जीपची, वाट बघत बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. माझ्याच वयाची असेल. ती कधीची माझ्याकडं बघत होती ते मला ठाऊक नाही. उठून आली आणि कानडीत म्हणाली, "ऊटा आतेनरी?" जेवण झालं का, म्हणून विचारत होती. मी मान हलवली. मग ती मराठीवर आली.

"तोंड पांढरंफटक पडलंय की आण्णा. आदी खाली बसा."

मी तिथंच मातीत बसलो. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. पाण्याला उपासात बंदी नव्हती म्हणून प्यालो. मग तिला सांगितलं की मी ज्योतिबाला निघालोय, उपास आहे, डोंगरावर पोचल्याशिवाय काही खायचं नाही. तिनं सायकलकडं बघितलं आणि विचारलं, ह्या गठळ्यात काय हाय. मी म्हणालो, देवाचा निवद. ती कॅरिअरजवळ गेली, वाकली, आणि तशीच थांबली.

"आण्णा, ह्याला लसणाचा वास येतोय."

मला त्याही अवस्थेत राग आला. मी म्हणालो, "आमच्या घरात निवदाला लसूण शिवत बी न्हाईत. पाटा धुऊन घेतल्याबिगर कारभारीण पुरन वाटत न्हाई."

"त्येच की. निवदाला चालत न्हाई, तर मग ह्यो लसूण कुनासाठी बांधलाय तिनं?"

म्हातारीनं मला न विचारता गठुळं सोडून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, पण गाठीला हात लावला नाही. म्हणाली, तुमच्या घरातलं हाय, तुमीच सोडा. मी सोडलं. वर केळीच्या पानात देवाच्या पुरणपोळ्या, त्यावर तुळशीचं पान, स्टीलच्या डबीत तूप, सगळं जसंच्या तसं. आणि खाली, वेगळ्या फडक्यात, दुसरं गाठोडं. ते फडकं मी ओळखलं. मोठा मुलगा झाला तेव्हा मी स्वतः मागावर तिच्यासाठी विणलेल्या साडीचा तो तुकडा होता. ती साडी विरली तरी तिनं टाकली नव्हती. आत ज्वारीची भाकरी, लसूण घालून ठेचलेला मिरचीचा खर्डा आणि गुळाचा खडा. हिला माहीत होतं. शिदोरी नको म्हटलं तेव्हाच हिनं ठरवलं होतं, आणि तूप सांडलंय काय बघा म्हणाली तेसुद्धा ह्यासाठीच. दाराला हात लावून ती कशाची वाट बघत होती ते मला तवंदीच्या चढावर कळलं.

तरी माझा हात भाकरीला जाईना. मी म्हातारीला म्हणालो, कारभारीण दवाखान्यातून वाचून आलीया, तिच्यासाठी उपास बोललोय आक्का, मोडला तर तिला काय होईल. ही गोष्ट मी पहिल्यांदा तोंडानं बोललो, आणि ती एका अनोळखी बाईपुढं. तिनं विचारलं, "देवाला नेमकं काय बोलला हुतासा?"

मी आठवून सांगितलं, "येतो म्हनालो हुतो."

"मग जावा की. हितंच मेलासा तर जानार कसं?"

त्या वाक्यानं माझ्या आतलं काहीतरी सैल पडलं. दवाखान्याच्या बाकावर मी खरंच एवढंच म्हणालो होतो. बाकीचा नवस मी मलाच केला होता, आणि त्याची भीती देवाच्या नावावर लावली होती. मी भाकरी मोडली. पहिला तुकडा तिला दिला, दुसरा मी खाल्ला. खर्डा झणझणीत होता, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही तिखटाचं नव्हतं. ती सारखी सांगत होती, सावकाश खावा, भाकरी कुटं पळून जात न्हाई. गूळ खाल्ल्यावर हळूहळू हातांची थरथर थांबली, झाडाची पानं पुन्हा पानांसारखी दिसायला लागली.

मग मी सहज विचारलं, फडक्यावर फडकं असताना तुम्हाला वास आला कसा. तिनं नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला बी त्येच कळंना. निपानीच्या वखारीत तंबाखू निवडण्यात जलम गेला. नाक कवाच मेलंय. घरात आमटी करपली तरी सून वरडल्यावर कळतंय मला." तिनं उरलेला खर्डा नाकाजवळ धरला, हुंगला, पुन्हा हुंगला आणि हसून मान हलवली. "आता न्हाई येत बगा." एवढ्यात तिचं वडाप आलं. पिशवी उचलून ती चढली, आणि काचेतून हात करून पुढं जायची खूण केली. नाव विचारायचं राहिलं.

पुढचा चढ मी पायडल मारतच गेलो. निपाणी, कागल, कोल्हापूर, सगळीकडं थांबत गेलो, चहा घेतला, एका दुकानदारानं दिलेलं केळंसुद्धा खाल्लं. ऊन कलताना ज्योतिबाच्या डोंगराखाली पोचलो. वर चढताना दोन पोरांनी मागून सायकलला हात लावला, तर मी त्यांना नको म्हणालो नाही. देवापुढं निवद ठेवला, गुलाल कपाळाला लावला, चांगभलं म्हणालो. मागायचं काहीच सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो की येतो म्हणालो होतो, आलो बघ. येताना सायकल भाजीच्या टेम्पोत टाकली आणि ड्रायव्हरशेजारी बसून घरी आलो.

कारभारणीनं दारातच पहिलं विचारलं, तूप सांडलं हुतं काय. मी म्हणालो, न्हाई, पण लसूण लई घातला हुतास. ती इतकी हसली की तिला खोकला आला. मी पाणी आणायला धावलो, पण या वेळी काळजात चर्र झालं नाही. पाणी पिऊन झाल्यावर मी तिला म्हातारीची सगळी गोष्ट सांगितली, नाकासकट. मग तिनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले आणि मला म्हणाली, "तुमी गेल्यावर मी दिवा लावून त्याला म्हनलं हुतं. माजं काय ऐकायचे न्हाईत ते, तू तरी कुनाच्या तोंडानं सांग."

लोक मला विचारतात, ती म्हातारी कोण होती. मी सांगतो, वखारीत राबलेली बाई होती, मला आक्का लागत होती. तिचं मेलेलं नाक एका वासापुरतं कुणी जागं केलं, ते मला सांगता येत नाही आणि मी ठासून सांगणारही नाही. मला एवढं कळलं की कृपा माझ्या कॅरिअरला बांधलेली होती आणि मी ती उपाशी पोटी ओढत चाललो होतो. ती सोडून बघायला माझीच तयारी नव्हती. आता कुठंही निघालो तरी उंबऱ्यात थांबतो, कारभारणीसमोर गठुळं सोडतो आणि एक घास तिथंच खातो. ती म्हणते, आता जावा. मग मी निघतो. ज्योतिबाच्या नावानं चांगभलं.