साडभाऊंची जागतिक रजिस्ट्री

आमच्या साडभाऊंइतका जगाचा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नसेल, आणि त्या अभ्यासाने माझ्याइतका दमलेला माणूसही नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कामठ्याला धानाची शेती, तोंडात कायम खर्रा. कुठल्या देशात जमिनीची रजिस्ट्री किती लवकर होते याची तुलना कुठल्याशा पेपरात छापून आली आणि ती नेमकी यांनी वाचली. आमचं नशीब, दुसरं काय! तेव्हापासून देश म्हटला की यांना त्याची राजधानी नको, राजा नको, "तिथं रजिस्ट्रीले किती टाइम लागते?" एवढंच. भाचीला दुबईच्या मुलाचं स्थळ आलं, तर पगार विचारायचा सोडून त्या पोराला हेच विचारलं. भारत-न्यूझीलंड मॅच लागली की घरभर आरडाओरडा, आणि हे कोपऱ्यात धर्मसंकटात, कारण रजिस्ट्रीच्या यादीत न्यूझीलंड अगदी वर. "टीम आपली हाय जी, पन कारभार त्यायचा!"

एवढा ध्यास कशाला, तर बाईसाठी. बाई म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, कित्येक वर्षं त्यांच्याकडेच राहायची. घराची मागची खोली बाईच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायची, एवढंच यांच्या मनात. "मी हावो तोवर ठीक. माह्या मागं पोरायनं हिले बाहेर काढलं तं?" म्हणायचे. झालं, गोंदियाच्या खेपा सुरू! मी साक्षीदार. बाई एसटीत पुढच्या सीटवर, पदर घट्ट धरून गुपचूप. ऑफिसात कधी लाइट गेलेली, कधी लिंक नाही, कधी साहेब मीटिंगला. एकदा तर बाईचं आडनाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. साडभाऊ खिडकीशी जाऊन बाबूला नॉर्वेची थोरवी ऐकवायचे. शेवटी तो वैतागला, "काकाजी, तो फिर नॉर्वे में ही करा लो ना रजिस्ट्री!" बेंचावरचे सगळे हसले, साडभाऊही हसले. मी नाही हसलो. माझी कंबर गेली होती.

अखेर एका दुपारी योग आला. बाईचा फोटो निघाला, अंगठा लागला. "जिंकलो जी!" म्हणत साडभाऊ पेढे आणायला निघाले, तेवढ्यात बाई अंगठ्याची शाई पदराला पुसत हळूच म्हणाली, "झालं ना, भाऊ? सोडली मी. आता त्या खोलीत राहू देशीन, का दुसरीकडं पाहू?"

"काय सोडली, बाई?"

"बाबा गेल्यावर बी इथंच आनलं होतं मले, वावराचा हक्क सोडाले. अंगठा लावला, तुनं मले लुगडं घेतलं. आता मले वाटलं, खोली बी सोडवून घेऊन राहिला."

आमच्याकडे बहिणीला या ऑफिसात त्याच एका कामासाठी आणतात हो! दुसऱ्या कशासाठी आणलेली बहीण तिनं कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे इतक्या खेपा ती बेघर व्हायला येत होती, आणि एका शब्दानं तिनं विचारलं नाही. आणि आमच्या या शहाण्यानं नॉर्वे-न्यूझीलंड गावभर सांगितलं, बाईला तेवढं सांगायचं राहून गेलं. मला त्यांचा राग आला, आणि दोघांचंही फार वाईट वाटलं.

साडभाऊ तिथंच पायरीवर बसले. "खोली तुह्या नावानं केली, बाई. तुही हाय," म्हणाले आणि रडायला लागले. बाईला काही पटेना. परतीच्या एसटीत ती थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिली, "म्हनजे सुनेनं जा म्हटलं तरी नाही जायाचं?" साडभाऊ दर वेळी सांगत, "नाही, बाई. कोनी नाही काढत." कामठा आलं तरी तिचं विचारणं संपलं नव्हतं.