गाडी नेमकी कोण चालवतं?

या, जरा जवळ बसा बघू. फोनवर घाईघाईत ‘मावशी, गाडी युरोपला नेता येते का’ एवढंच विचारता, आणि मी ‘येते, पण’ म्हटलं की फोन ठेवून मोकळे होता. असं करायचं नाही. सगळी गंमत त्या ‘पण’मध्ये असते. नीलेशचंच ऐका.

इथे ईडन प्रेरी गावात आमच्या शिपिंग ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये मी त्याच्या मिनीव्हॅनपाशी उभी होते. दोन हजार सात सालची गोष्ट. नीलेश नागपूरचा, आयटीतला, कंपनी त्याला जर्मनीला पाठवत होती. मी म्हटलं, गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायचं झाकण उघडून दाखव. ते घट्ट बसतं ना, गळत नाही ना, हे गाडी जहाजावर जायच्या आधी मी बघायचेच. हा तरातरा उजव्या बाजूला गेला. झाकण होतं डाव्या बाजूला.

“रोज तूच चालवतोस ना रे?” मी विचारलं.

“हो काकू. दीड वर्ष झालं. रोज.”

शेजारच्या सीटवर त्याची बायको, अनघा, खिडकीबाहेर बघत बसली होती. तिने मान वळवली नाही.

मग मी म्हटलं, गाडी सुरू करून मैल किती झालेत ते दाखव. तो आत बसायला गेला तर गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. हा सहा फुटी माणूस आणि सीट पार पुढे ओढलेली. म्हणे, ऑइल चेंजवाल्याने पुढे केली असेल.

आता मला संशय का आला ते सांगते. माणूस बिऱ्हाड हलवून युरोपात राहायला निघाला, तर त्याची जुनी गाडी घरसामानात धरतात आणि ड्युटी माफ होते. पण गाडी निदान सहा महिने त्याच्या मालकीची आणि वापरातली हवी. तिकडे गेल्यावर वर्षभर विकायची नाही. त्या सुमारास डॉलर पडला होता आणि तिकडच्या डीलरांना इथल्या गाड्या स्वस्त पडत होत्या. मग काही लबाड लोक काय करायचे, तर राहायला निघालेल्या एखाद्या माणसाच्या नावावर गाडी घालायचे आणि माफीत पाठवायचे. अशी एक गाडी आमच्या ऑफिसमधून गेली होती आणि बंदरात अडकली होती. तेव्हापासून आमचा बॉस गॅरी ताकही फुंकून प्यायचा. फोनवर बसायला म्हणून मला ठेवलेलं, कामं बघत बघत मी शिकले, आणि मग गाडी बघायला तो मलाच पाठवायचा.

झाकणाचं आणि सीटचं ऐकून गॅरी म्हणाला, “स्मेल्स फनी. काहीतरी काळंबेरं आहे. हे काम सोडून दे.”

आणि त्यात भर म्हणजे नीलेशने गुपचूप गॅरीला फोन केला, की माझी फाइल दुसऱ्या कुणाकडे देता येईल का. गोऱ्यावर विश्वास आणि काकूवर नाही. मला राग आला, आणि संशय दुप्पट झाला. लपवायला काही नसेल तर मी का नको?

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, घेऊन त्याला पुन्हा यायचं होतं. मी खिडकीपाशीच उभी राहिले. मिनीव्हॅन आली, लॉटच्या पार टोकाला थांबली. ड्रायव्हरच्या बाजूने अनघा उतरली, पलीकडून नीलेश उतरला. गाडीला वळसा घालून दोघांनी जागा बदलल्या. मग तो मुंगीच्या चालीने चार जागा पुढे आला आणि तिरकी लावून थांबला.

मी कोट न घालताच बाहेर गेले. म्हटलं, हे काय चाललंय? गाडी कुणाची आहे?

नीलेश काहीतरी पाठदुखीचं सांगायला लागला. अनघाने त्याला मध्येच थांबवलं.

“काकू, गाडी मी चालवते. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर ह्यांची गाडी फिरली, तेव्हापासून हे स्टिअरिंगला हात लावत नाहीत.”

“अगं, कशाला सांगतेस? काकूंकडून मराठी मंडळात सगळ्यांना कळेल.”

“कळू दे. गाडी गेली नाही तर मी काय करू तिकडे?”

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. पहिलं वर्ष घरात काढलं. ड्रायव्हिंग शिकली ती याच गाडीवर. मग इंग्लिशचा क्लास, लायब्ररी, मैत्रिणी, सगळं सुरू झालं. तिकडे बहुतेक गाड्या गियरच्या आणि तिला फक्त ऑटोमॅटिक येते. ही गाडी इथेच राहिली की ती पुन्हा घरात.

नीलेशने लगेच तोडगा काढला, टायटल हिच्या नावावर करून टाकू. मी म्हटलं, थांब रे बाबा. मालकी आज बदलली तर तिचे सहा महिने आजपासून मोजतील आणि माफी हातची जाईल. मालक तूच राहा. फक्त खरं बोल. घरातल्या कुणीही वापरलेली गाडी घरसामानच असते. इन्शुरन्समध्ये ड्रायव्हर म्हणून हिचं नाव आहे ना? तेवढं पत्र मागव. आणि गॅरीला तू स्वतः सांग.

तो आत गेला. कान लाल झाले होते. “माय वाइफ ड्राइव्ह्ज. आय डोंट.”

गॅरीने कागदावरून डोळेही उचलले नाहीत. म्हणाला, आमच्याकडेही बायकोच चालवते. साइन हिअर.

गाडी जहाजाने गेली. तिकडे मागचे इंडिकेटर लाल होते ते पिवळे करून घ्यावे लागले, बाकी काही नाही. पोचल्यावर अनघाचा फोन आला. कस्टम्सच्या माणसाने विचारलं होतं, गाडी कोण चालवणार. नीलेशने बोटाने तिच्याकडे दाखवलं. माफीचा शिक्का बसला.

एवढंच होतं बघा. गाडी नवरा चालवतो की बायको, याची चौकशी कायद्याने केलीच नव्हती. लाज फक्त नीलेशला वाटत होती, आणि त्यापायी त्यांची स्वतःची गाडी दुसऱ्याची वाटायला लागली.

तर तुमचं जायचं ठरत असेल तर कागद घेऊन लवकर परत या, बर्फ पडायच्या आत. जेवायलाच या. आणि दोघंही या, म्हणजे कोण काय लपवतंय ते माझ्या स्वयंपाकघरातच कळेल.