पप्पा काही गाडीत बसेनात

घरात जुनी गाडी आणि नवी सून एकाच महिन्यात आली की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते चहाच्या कपांसारखे साठत जातात. एक विसळून ठेवावा तोवर दुसरा येऊन पडतो! त्यात मी बोलते कमी. माणूस गप्प असला की लोकांना वाटतं, त्याचं लक्ष नाही. माझं असतं.

गाडी म्हणजे लांबलचक, मोतिया रंगाची, जुन्या मॉडेलची सेडान. आता सगळ्यांना उंच गाड्या लागतात. पण सुमेधला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॉलेजात असल्यापासून हीच हवी होती. शहरातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी ती इतकी जपली होती, की सीटवरच्या टॉवेलांनाही इस्त्री होती.

बघायला आम्ही दोघं गेलो. मला वाटलं होतं, आम्ही गाडी बघणार. डॉक्टरच आम्हाला बघायला बसले होते. नोकरी कुठं, दारात सावली आहे का, घरात कुणी तंबाखू खातं का? लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं!

शेवटी त्यांनी विचारलं, "गाडी स्वतः धुता की धुवून घेता?"

"स्वतः धुतो, सर. रोज!" सुमेध म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "खरं?"

"आमची बाइक आहे सध्या," मी म्हणाले, "ती धुताना मी अजून पाहिलं नाही."

सुमेधचा चेहरा पडला. डॉक्टर मात्र खळखळून हसले. "तुमच्या घरात एक माणूस तरी खरं बोलतंय. दिली गाडी!"

* * *

टीव्ही सेंटरमागच्या आमच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा पोरंटोरं मागे धावत आली. दारात लावली तर बोनेट कंपाउंडच्या आत आणि डिकी रस्त्यावर. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अगं बाई! अर्धी आमच्याकडं ठेवा आता!"

सासूबाईंनी, त्यांना आम्ही मम्मी म्हणतो, गाडीला हार घातला, पेढे वाटले. पप्पा ओट्यावरच बसून होते. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होईपर्यंत पैठण रोड त्यांच्या पायाखालचा. सगळ्यात आधी तेच स्टिअरिंगला हात लावणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

"कुणाची हाय?" त्यांनी विचारलं.

"आपली, पप्पा!"

"आधी कुणाची व्हती?"

"एका डॉक्टरांची."

"हं," म्हणाले आणि आत निघून गेले.

रात्रीच्या भाकरी थापताना मम्मींनी मला समजावलं. पप्पांच्या आईला गावातल्या मोठ्या घरांतून जुनी लुगडी यायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिनं एक दिवस सगळी गाठोडी परत नेऊन दिली. तेव्हापासून कुणाचं उतरलेलं या घरात आलेलं नाही.

"काहीच नाही?"

"पुस्तकं चालत्यात," मम्मी म्हणाल्या. "पुस्तक जुनं असलं तरी चालतं."

त्या रात्री सुमेध बराच वेळ छताकडे बघत पडला होता. त्याला गाडी रस्त्यावर मिरवायची नव्हतीच. त्याला पप्पांना तिच्यात बसवायचं होतं.

* * *

मग सुरू झाली सुधारणा. सुमेधचा हिशेब सरळ होता: गाडीतलं जुनं सगळं काढलं, की गाडी उतरलेली राहत नाही!

रशीदभाईंच्या गॅरेजात तो मला घेऊन गेला. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, दारांची रबरं, सगळं बदला म्हणाला. रशीदभाईंनी गाडीला एक फेरी मारली, बोनेट उघडलं, इंजिनवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. बोट स्वच्छ!

"सुमेधभाई, इसमें खराब क्या है वो तो बोलो. अच्छा खासा सामान कायकू निकालना?"

"खराब काही नाही. तरी बदलायचं."

रशीदभाई हळूच माझ्याजवळ आले. "भाभी, इनको एक बार डॉक्टर को दिखाओ."

"डॉक्टरांकडूनच आलोय," मी म्हणाले.

* * *

सीट कव्हरं नवी झाली. सुमेधनं दार उघडून धरलं. "पप्पा, बसा आता. नवं कोरं हाय."

पप्पांनी बाहेरूनच वाकून पाहिलं. "झ्याक. अन् इंजिन कुणाचं?"

पुढच्या महिन्यात हेडलाइट घासून आरशासारखे झाले, एसीत गॅस भरला, चारही टायर बदलले. पुन्हा दार उघडलं.

"इंजिन?"

सुमेध मला म्हणाला, "आता इंजिन बदलू का?"

मम्मींना मात्र असला काही प्रश्न नव्हता. त्या ऐन मे महिन्यात मागच्या सीटवर शाल पांघरून बसायच्या आणि सिग्नलला काच खाली करून ओळखीच्या बायकांना सांगायच्या, "बाई, लई थंडी हाय आमच्याकडं!"

* * *

डॉक्टरांचा अधूनमधून फोन येतो. एकदा मीच उचलला.

"कशी आहे? उन्हाचा त्रास होत नाही ना?"

मला भरून आलं. माहेरहून फोन आल्यासारखं वाटलं. "नाही, काका. मी बरी आहे."

पलीकडे डॉक्टर गडबडले. मग ते म्हणाले, "हो हो, तूही बरी असशीलच!"

* * *

रिव्हर्स घेताना वाजणारा सेन्सर बसवला त्या दिवशी सुमेध गाडी मागे घेत होता. सेन्सर टीं टीं करत होता. ओट्यावर पप्पा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून मागच्या चाकाकडे बघत होते. शेवटी राहवलं नाही. पेपर फेकून उठले आणि डिकीच्या बाजूला उभे राहिले.

"यिऊ दे... यिऊ दे... डावीकडं काट... आजून... बास्स!"

डिकीवर दोनदा थाप पडली. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम तळहात जाईल एवढी जागा. सेन्सरला हे जमलं नसतं.

सुमेध आनंदानं उतरला. "पप्पा! गाडीला हात लावला तुम्ही!"

"गाडीचं काय घिऊन बसला? माझी भिंत वाचवली मी," पप्पा म्हणाले आणि पेपर उचलून पुन्हा बसले.

* * *

जवळच्या मैदानावर सुमेधनं मला गाडी शिकवायला सुरुवात केली, आणि आमच्या संसारातलं पहिलं भांडण झालं. दुसरं आणि तिसरंही त्याच दुपारी झालं. चौथ्याच्या आधी पप्पा मैदानावर आले.

"तू घरी जा," ते सुमेधला म्हणाले. मग माझ्या खिडकीजवळ आले. "सूनबाई, काच खाली घ्या."

पप्पांनी मला गाडी बाहेरून शिकवली! पहिल्या गिअरला ते खिडकीशेजारी चालायचे. "क्लच हळू सोडा. हळू म्हंजे दुधावरची साय काढतो तसं." दुसऱ्या गिअरला चप्पल हातात घेऊन पळायचे. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून बघत बसायची.

एक दिवस पळता पळता ओरडले, "आता तिसरा टाका!"

"तुम्ही मागे राहाल, पप्पा!"

"ऱ्हाऊ द्या! म्होरं बघा!"

आरशात ते लहान लहान होत गेले. दोन्ही हात कमरेवर, धाप लागलेली, आणि एवढं खूश मी त्यांना आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्या फेरीत पास झाले. पप्पांनी ते गल्लीत इतक्या जणांना सांगितलं, की दूधवाला मला अजूनही 'ड्रायव्हरताई' म्हणतो.

* * *

पैठणच्या अलीकडे पप्पांचं गाव. तिथं चुलत नणंदेचं लग्न होतं. आम्ही तिघं गाडीनं निघालो, पप्पा एसटीनं. मम्मींनी समजावून पाहिलं, मग रुसून पाहिलं. पप्पा पिशवी घेऊन स्टँडवर गेले.

वाटेत चितेगावला कंपनीची शिफ्ट सुटली होती. आम्ही ट्रकांच्या मागे अडकलो, आणि कडेकडेनं एक लाल बस पुढे सरकली. खिडकीत पप्पा! मम्मींचा फोन वाजला.

"एसी लावला का?"

"लावला की," मम्मी फुगून म्हणाल्या.

"मंग बसा गारेगार. मी जेवायचं ताट धरून ठिवतो तुमच्यासाठी!"

* * *

लग्न लागलं, पंगती बसल्या, आणि पिण्याचं पाणी संपत आलं. पैठणहून जार आणायचे होते. सुमेधच्या हातात वाढायची बादली. त्यानं दुरूनच किल्ली माझ्याकडे फेकली.

गाडी मी मांडवाबाहेर काढली. पप्पा रस्ता मोकळा करायला पुढे आले होते. तेवढ्यात समोरून तात्यासाहेब आले. गावातली सगळ्यात जास्त जमीन त्यांची. पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी गाडी बोनेटपासून डिकीपर्यंत निरखली.

"काय रे किसन्या, कुणा साहेबाची गाडी म्हणायची ही?"

पप्पांचे केस पांढरे झालेत. शहरात त्यांना सगळे किसनराव म्हणतात. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

पप्पांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं, मग गाडीकडे. नंतर माझ्याकडे.

"आपलीच हाय, तात्या. आमच्या सूनबाई चालवत्यात."

"तुझी?" तात्यासाहेबांनी पुन्हा गाडीकडे पाहिलं. "बरं झालं मग. मला पैठणला डोळे दाखवायला जायचंय, पोराची गाडी आजून आली नाय. सोडता का?"

"सोडू की."

पप्पांनी मागचं दार उघडून ठेवलं. मग शांतपणे पुढून फेरी मारून आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले. सीट थोडी मागे सरकवली. पट्टा लावला. समोर बघत बसले.

तात्यासाहेबांनी एक पाय आत टाकला.

"तात्या," पप्पा मान न वळवता म्हणाले, "चप्पल तेवढी झाडून या."

मला आरशात दिसत होतं. तात्यासाहेबांनी आत टाकलेला पाय बाहेर घेतला. मग काठी गाडीला टेकवून त्यांनी आधी एक चप्पल झाडली. मग दुसरी.