अण्णांच्या पूजेची घंटी

आधीच सांगतो – उतारा, अंगारा, भूतबाधा असलं काही मी मानत नाही. उदगीरला औषधाचं दुकान चालवण्यात जन्म गेला. "बाहेरचं झालंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची मी तोंडावर टिंगल करायचो. तरीही हे लिहितोय...

लातूर जिल्हा नवा झाला होता, आणि पाठोपाठ दुष्काळ. टँकर कधी येईल याचा नेम नसे. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – रात्रभर रिकाम्या हंड्यांपाशी जागत बसायचे. पुढे टँकर येवो न येवो, त्यांची झोपच उडाली. डॉक्टरांनी बीपी वाढलंय म्हणून गोळी सुरू केली.

"झोपंचीबी एक दे की रं," अण्णा मला म्हणाले. "डोळ्याला डोळा न्हाई."

डॉक्टरांना न विचारता मी दुकानातली झोपेच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. दुकान आपलंच, चिठ्ठी कोण मागतो! अण्णा ढाराढूर झोपू लागले. आठवड्यानं म्हणाले, "आता लई झ्याक झोपायलोय. बीपीची गोळी बंद केली. झोप लागली की बीपी कशाला राहतंय?"

मला कळायला हवं होतं. मी हसलो, "बरं" म्हणालो.

आम्ही लिंगायत. अण्णांची शिवपूजा पहाटे पाचला ठरलेली. दुष्काळात आंघोळ बंद, म्हणून माडीवरच तांब्याभर पाण्यात हातपाय धुऊन ते पूजेला बसायचे. खाली आम्हाला फक्त घंटी ऐकू यायची. त्या पहाटेही आली. आई चुलीपुढून म्हणाली, "गोळी घेऊनबी येळेवर उठले बघ." मी निर्धास्तपणे दुकानावर गेलो.

आठ वाजता आई चहा घेऊन वर गेली. अण्णा अंथरुणातच – तोंड वाकडं, उजवं अंग लुळं, श्वास तेवढा चालू. तांब्या काठोकाठ भरलेला. घंटीवर आदल्या दिवशीचं वाळलेलं बेलाचं पान तसंच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, मध्यरात्रीच कधीतरी. "लवकर का नाही आणलं?" संध्याकाळी अण्णा गेले.

माडीवर दुसरं कुणी नव्हतं. घंटी आम्ही दोघांनीही ऐकली होती...

आई म्हणायची, जाता जाता त्यांनी पूजा चुकवली नाही. मला नाही तसं समाधान मिळत. घंटी वाजली नसती तर पाचलाच मी वर धावलो असतो. ती कुणी वाजवली, आणि मला खालीच का अडवलं, हे आजही कळलेलं नाही. त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता दिल्या होत्या, हे आई जाईपर्यंत तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.