छाटेच्या बिड्या

मनीषनगरात आमच्या शेजारी एक निवृत्त साहेब राहतात. निवडणूक आली की चहा पिता पिता म्हणतात, खेड्यातल्यांचं काय, बाटली दिसली की पलटतात. माझं डोकं सणकतं. यांनी खेडं पाहिलं ते रामटेकला दर्शनाला जाताना, गाडीच्या काचेतून.

त्याच रस्त्यावर माझं माहेर. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया बिड्या वळायच्या. आई कायम एकाच चिन्हावर शिक्का मारायची. सासऱ्यानं सांगितलं होतं, विषय संपला. वळलेल्या बिड्या ठेकेदाराकडे न्यायच्या, चांगल्या तो मोजून कारखान्याला पाठवायचा. तो सुपातून मूठमूठ बाजूला काढायचा, ही ढिली, ही वाकडी. त्याला छाट म्हणत. छाटेची मजुरी नाही आणि त्या बिड्या परतही मिळत नसत. जाळून टाकतो म्हणायचा. आईचा हात गल्लीत सगळ्यांत चांगला, तरी तिची छाट निघायचीच. आपलीच बोटं बिघडली, असं तिनं धरून ठेवलं होतं. वळता वळता थांबून बोटांकडे पाहत बसायची. मला ते बघवत नसे.

मग निवडणुकीची सभा झाली. आई शिक्का मारायची त्याच जुन्या पक्षाच्या मंचावर ठेकेदार होता. आलेल्या गड्यांना फुकट बिड्या वाटल्या, बाबांनी एक बंडल घरी आणलं. आई डावखुरी, तिच्या बिडीवर दोरा उलटा फिरलेला असायचा. तिनं एक बिडी उजेडाला धरली. म्हणाली, "हे तं माहीच बिडी हाय."

जाळली म्हणून सांगितलेल्या छाटेतलीच ती; ढिली नव्हती, वाकडीही नव्हती. आमच्या घरी बाटली नाही आली, साहेब. आईच्याच बिड्या आल्या, फुकट म्हणून!

तिनं ते बंडल घरोघर फिरवलं. बायांनी आपापली बांधणी ओळखली. त्या वर्षी अख्ख्या गल्लीनं दुसऱ्या चिन्हावर शिक्का मारला आणि जुना पक्ष पडला. थोड्याच दिवसांत ठेकेदार जिंकलेल्यांच्या मंचावर, गळ्यात हार घालून. मेल्याला लाज म्हणून नव्हती. छाट चालूच राहिली. पुढच्या निवडणुकीत गल्लीनं पुन्हा शिक्का बदलला.

निकालानंतर तो आमच्या अंगणात आला. "वहिनी, तुमच्या गल्लीचा काही नेम नाही. दर खेपेले पलटता."

आई बिडीची पानं कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "पलटून तं तुमी राहिले, भाऊ. तुमी ज्या बाजूले, त्या बाजूले आमी नाही. आमचं त्या बंडलापासून तेच हाय."

त्या आठवड्यात त्यानं आईचं भरलेलं सूपच्या सूप छाटेत काढलं. ती रिकामं सूप घेऊन घरी आली, पानं भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी वळायला बसली. बोटांकडे मात्र तिनं पुन्हा कधी तसं पाहिलं नाही.